‘सोसत नाही’ म्हणजे नेमकं काय?

आमचा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. आषाढातला ऐन पाऊस, खानापूरला माहेरी चार दिवस राहून बेळगावला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला उलट्या-जुलाब लागले. तीन दिवस ओआरएसचं पाणी चमच्याचमच्यानं पाजण्यात गेले. चौथ्या दिवशी ताप उतरला, उलट्या थांबल्या, पोरगं खेळायला लागलं. जुलाब मात्र थांबेनात. दूध प्यायला की तासाभरात पोट गुरगुरायचं आणि मग फसफसणारी, आंबट वासाची पातळ शी. ढुंगण लालभडक, पुसायला गेलं की किंचाळायचा.

सासूबाई म्हणाल्या, “दूध सोसंना झालंय बघ त्याला. बंद कर.” शेजारच्या अक्कांनी दृष्ट काढली. आईनं फोनवरून शेळीचं दूध सुचवलं.

मी स्वतः आहारतज्ज्ञ. लोकांच्या पोरांचे तक्ते करून देते. पण रात्री दोन वाजता चौथं दुपटं बदलताना शिक्षण फारसं कामाला येत नाही. दुसऱ्या दिवशी डोकं जाग्यावर आलं तेव्हा लक्षात आलं की सासूबाईंचं निदान जवळजवळ बरोबर होतं. अडचण होती ती ‘सोसत नाही’ या शब्दाची. सोसत नाही, बाधतं, पचत नाही, मानवत नाही हे शब्द आपण एकाच अर्थानं फेकतो, आणि त्यात निदान चार वेगवेगळी दुखणी कोंबलेली असतात. एकात दूध तीन आठवडे थांबवायचं असतं, दुसऱ्यात काही वर्षं, तिसऱ्यात गहू जन्मभर. आणि चौथ्यात काहीच बंद करायचं नसतं. ताटातून पदार्थ काढून टाकायच्या आधी कोणतं ‘सोसत नाही’ ते ओळखायला हवं.

दुधातली साखर आणि ज्वारीचं रान

दुधात एक साखर असते, लॅक्टोज. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण पावणेपाच ग्रॅम. ही साखर आहे तशी रक्तात जात नाही, आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. ते काम लॅक्टेज नावाचं एन्झाइम करतं. ते राहतं कुठं हे कळलं की पुढचं सगळं सोपं.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. ज्वारीचं रान डोळ्यापुढे आणा. प्रत्येक ताटाच्या शेंड्याला जसं कणीस, तसं या लवेच्या टोकाकडे लॅक्टेज. रोटा किंवा तशाच एखाद्या विषाणूचा जुलाब म्हणजे गारपीट. ताटं उभी राहतात, कणसं झडतात. जुलाब थांबल्यासारखा वाटतो, पोर हसतं-खेळतं, पण शेंडे बोडकेच असतात. अशात कपभर दूध दिलं की लॅक्टोज न फुटता तसंच पुढं सरकतं. सरकताना आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यात पोचलं की तिथल्या जिवाणूंची पंगत बसते. ते ही साखर आंबवतात, त्यातून वायू होतो, आम्ल होतं. गुरगुर वायूची, पातळपणा पाण्याचा, आंबट वास आणि लाल ढुंगण आम्लाचं. आमच्या घरातल्या चारही तक्रारींचा हिशोब लागला.

कणसं परत येतात. नव्या पेशी तळातून उगवून टोकापर्यंत पोचायला काही दिवस लागतात, लॅक्टेज पुरेसं भरायला बहुधा दोन ते चार आठवडे. तेवढे दिवस दुधाला सुट्टी. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र तोडायचं नाही. आईच्या दुधात लॅक्टोज जास्त असतं, साधारण सात टक्के, हे खरं. पण त्यातून बाळाला जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही, आणि बहुतेक बाळं ते पचवून नेतात.

या सुट्टीतही दही-ताक बहुतेकांना चालतं. विरजणातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं, शिवाय ते स्वतःचं एन्झाइम बरोबर घेऊन पोटात जातात. ताकात पाणी घातलं की प्रमाण आणखी उतरतं. तुपात लॅक्टोज नावापुरतंच. उलट खवा म्हणजे आटलेलं दूध, म्हणजे आटलेलं लॅक्टोजही. आमच्याकडे पाहुणे आले की खव्याचा कुंदा येतोच. “दूध दिलं नाही, नुसता कुंद्याचा एवढासा तुकडा दिला,” असं सांगणारे आजोबा मी बरेच पाहिलेत.

आणखी एक. आपल्या देशात बऱ्याच लोकांचं लॅक्टेज वयाबरोबर कमी होत जातं, पण ते सहसा पाच वर्षांच्या पुढे जाणवायला लागतं. दोन वर्षांच्या मुलाला एकाएकी दूध पचेना झालं, तर त्यामागं आतड्याला झालेली दुसरी काही इजा असण्याचीच शक्यता जास्त. ती शोधायची. त्या पोराला जन्माचं दूधवर्ज्य करून टाकायचं नाही.

साखर वेगळी, प्रथिन वेगळं

ॲलर्जीचा आणि या सगळ्याचा संबंध नाही. तिथं प्रश्न पचनाचा नसतो, ओळखीचा असतो. शरीराची राखण करणारी यंत्रणा दुधातल्या, अंड्यातल्या किंवा शेंगदाण्यातल्या प्रथिनाला चोर समजून आरडाओरडा करते. लॅक्टोजच्या त्रासात प्रमाण महत्त्वाचं असतं, दोन चमचे चालतात आणि कप बाधतो. ॲलर्जीत चमचा चाटला तरी पुरतं. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, श्वास शिट्टीसारखा वाजतो. ओठ सुजून श्वास लागला किंवा पोर गळून गेलं तर घरगुती उपाय नाही, वाट बघणं नाही. 108 ला फोन. गाईच्या दुधाच्या ॲलर्जीचा एक संथ प्रकारही असतो, तान्ह्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसतात. तोही डॉक्टरांनी बघायचा.

आणि आईची क्षमा मागून, शेळीच्या दुधाबद्दल. लॅक्टोजची अडचण असेल तर उपयोग नाही, कारण शेळीच्या दुधातही लॅक्टोज आहेच. ॲलर्जी असेल तरी उपयोग नाही, कारण शेळीची, म्हशीची आणि गाईची प्रथिनं इतकी सारखी असतात की एक बाधलं तर बहुधा दुसरंही बाधतं. देशी गाईचं म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या ‘ए टू’ दुधाचीही तीच गत. दर लिटरला जास्त पैसे मोजून तोच त्रास. दिलासा एवढा की दुधाची ॲलर्जी असलेली बरीच मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात.

शेंगदाण्याबद्दल मात्र उलटी भीती घालवायला हवी. आपल्या भागात शेंगाचटणीशिवाय भाकरी उतरत नाही, तरी बाळाला दाणा ‘वर्ष-दोन वर्षं नको’ असं ऐकायला मिळतं. 2015 साली इंग्लंडमधून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, तेव्हा पुढं ॲलर्जीचं प्रमाण खूपच घटलं. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं खाणं रुळलं की मऊ भातात चिमूटभर बारीक कूट घालायला हरकत नाही. बाळाला अंगभर इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच दिसली असेल तर डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नको. तो ॲलर्जीपेक्षा श्वासनलिकेत अडकण्यासाठी जास्त घातक.

गव्हाचं थोडक्यात सांगते, कारण तिथं एकच चूक वारंवार होते. सिलिअॅक नावाच्या दुखण्यात गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याची लव झिजवतं. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, वजन वाढत नाही, रक्त भरत नाही. शंका आली तर रक्ताची तपासणी गहू चालू असतानाच करायची. आधी गहू बंद केला आणि मग तपासलं तर दुखणं असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. निदान झालंच तर आपण नशीबवान मुलखात राहतो. ज्वारीची भाकरी, नाचणी, तांदूळ, वरी यांत ग्लूटेन नाही. फसवतात ते उप्पिटाचा रवा, शेवया, बिस्किटं आणि डबीतला हिंग. हो, हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबी उलटी करून वाचा.

जुलाब वाटतो तो जुलाबच असतो असं नाही

निपाणीकडची एक आई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. दोन महिने ‘जुलाब’. दिवसात सहा-सात वेळा चड्डी भरायची. दूध बंद करून झालं होतं, मग गहू, मग डाळ, शेवटी फळंही. पोरगी भात आणि ग्लुकोजच्या बिस्किटांवर होती. बाईंनी पिशवीतून एक रंगीत रिपोर्ट काढला, रक्त तपासून शंभरेक पदार्थांची यादी, त्यातले तीस लाल. काही हजार रुपये गेले होते.

अशा याद्यांबद्दल माझं मत कडू आहे. त्यात बहुधा आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात, आणि ती वाढलेली असणं म्हणजे तो पदार्थ पोरानं खाल्लेला आहे याची खूण, तो बाधतो याची नव्हे. जे रोज खाता तेच लाल दिसतं. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असं स्पष्ट सांगतात.

मुलीला मुळात बद्धकोष्ठ होतं. शी कडक झाली, एकदा दुखली, तेव्हापासून ती पाय आवळून, कोपऱ्यात उभी राहून शी धरून ठेवायची. आत गोळा साठत गेला आणि वरची पातळ शी त्याच्या कडेनं झिरपत राहिली. घरच्यांना दिसायचं ते झिरपणं. जुलाब समजून आणखी कोंडा-भाजी-फळं काढली, गोळा आणखी कडक झाला. डॉक्टरांनी पोट हातानं चाचपलं आणि दोन मिनिटांत ओळखलं. औषध काही महिने घ्यावं लागलं. ‘सवय लागेल’ म्हणून मधेच सोडायचं नसतं, ताणलेलं आतडं मूळ आकारावर यायला तेवढा वेळ लागतोच. जेवणानंतर दहा मिनिटं शीला बसवणं, पायाखाली पाट, पेरू-पपई-चिकू-भाज्या परत ताटात, आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. एवढ्या वयात दुधानं पोट भरलं की बाकी काही जात नाही. त्यातून बद्धकोष्ठ होतं आणि लोहही कमी पडतं.

याच्या उलट चित्रही दिसतं. पोर टुणटुणीत, वजन झकास, पण दिवसातून चार-पाच सैल शा, त्यात अख्खे वाटाणे, गाजराचे तुकडे. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे पुष्कळ असतं आणि बहुतेक वेळा दोष बाटलीतल्या आंब्याच्या पेयाचा, ज्यूसचा असतो. एवढी साखर आतड्याला एका दमात ओढवत नाही. पेय बंद, पाणी पाणी म्हणूनच प्यायचं, भातावर तुपाचा चमचा. डाळ बंद करू नका. वायू होत असेल तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मोड आणा, आणि तुरीऐवजी मुगापासून सुरुवात करा.

वही

आमच्या घरात थोरल्याची अर्धी कोरी गणिताची वही कामाला आली. काय खाल्लं, किती, किती वाजता, शी कधी आणि कशी. शीचं वर्णन करायला डॉक्टरांकडे ब्रिस्टल शहरात तयार झालेला सात प्रकारांचा तक्ता असतो. सासूबाईंनी त्याचं स्वयंपाकघरात भाषांतर केलं: लिंबोळ्यांसारखी, केळ्यासारखी, उप्पिटासारखी, वरणासारखी, ताकासारखी. डॉक्टर हसले, पण त्यांना लगेच कळलं.

एक पान असं होतं: “सोमवार. सकाळी 8, मऊ भात-मेतकूट-तूप, पाऊण वाटी. 11, केळं. 1, मुगाची खिचडी एक वाटी. 4, दूध अर्धा कप (मामांनी दिलं). 5, ताकासारखी, फेस, वास आंबट.” कंसातल्या दोन शब्दांसाठीच वही ठेवायची असते.

वहीचे नियम थोडेच. एका वेळी एकच पदार्थ काढायचा. दोन ते चार आठवडे. आणि मग तो परत द्यायचा, थोडाथोडा वाढवत. हा तिसरा भाग लोक विसरतात आणि पोर वर्षानुवर्षं विनाकारण उपाशी राहतं. ॲलर्जीची शंका असेल तर परत द्यायचा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही, तो दवाखान्यातच.

काढलेल्या पदार्थाचं देणंही फेडावं लागतं. “दूध नाही तर नाचणीची आंबील देते,” असं सगळ्याच सांगतात. आंबील उत्तमच. पण हिशोब करू. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350. पोर एका वेळी पंचवीस ग्रॅम पिठाची आंबील खाईल, म्हणजे नव्वदच्या आत, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. दीडशे मिलिलिटर दुधात 180 असतं. नाचणी एकटी पुरत नाही. ताक-दही चालत असेल तर ते, तीळ, पालेभाजी, मासे खाणाऱ्यांकडे काट्यासकट बारीक मासळी असं जोडत जावं लागतं. ॲलर्जीमुळे दूध पूर्ण बंद असेल तर डॉक्टरांना विचारून औषधी कॅल्शियम.

अंगणवाडीत जाणारं पोर असेल तर आणखी एक काम. कर्नाटकात 2013 पासून क्षीरभाग्य योजनेत शाळा-अंगणवाडीतल्या मुलांना 150 मिलिलिटर दूध मिळतं. योजना चांगलीच आहे. पण त्यात सात ग्रॅम लॅक्टोज आहे, आणि तुम्ही घरी दूध थांबवलेलं बाईंना माहीत नसतं. बाई कन्नड बोलणाऱ्या असतील तर हे वाक्य पाठ करा: “इवनिगे हालु कोडबेडि”, याला दूध देऊ नका. मुलगी असेल तर “इवळिगे”. गव्हाला गोधी. शेंगा तिकडेही शेंगाच. त्याच खेपेला वजन करून घ्या आणि आई-बाळाच्या तब्येतीची नोंद ठेवणाऱ्या तायी कार्डावरच्या आलेखात टिंब कुठं पडलं ते बघा. (तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. माझ्या आत्याला बरीच वर्षं वाटायचं की हे कार्ड थोरल्या बहिणीचं असतं.) आलेख वर जात असेल तर निम्मी काळजी मिटली.

आलेख आडवा झाला किंवा खाली आला, शीत रक्त दिसलं, उलटी हिरवी झाली, पोर जुलाबासाठी रात्री झोपेतून उठायला लागलं, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, तर वही मिटा आणि दवाखाना गाठा. साध्या जुलाबात ओआरएस आणि सहा महिन्यांपुढच्या बाळाला डॉक्टर देतात ते 20 मिलिग्रॅम झिंक, चौदा दिवस. जुलाब थांबला तरी चौदा दिवस. ओआरएस म्हणजे एक लिटर पाण्यात घालायची पुडी, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची. खोक्यातली गोड पेयं ‘ओआरएस’ नाव लावून विकली जात होती. 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ते नाव वापरायला बंदी केली. जादा साखरेनं जुलाब वाढतो.

आमच्याकडे सोळाव्या दिवशी दोन चमचे दहीभात दिला. काही झालं नाही. मग अर्धी वाटी, मग भातावर ताक, मग खिरीत थोडं दूध. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी अर्धा कप दूध. सासूबाई त्याच्याबरोबर ओसरीवर बसून राहिल्या, कान पोटाकडे. गुरगुर नाही. रात्री दुपटं कोरडं. सकाळी मी चहा ठेवत होते, तेवढ्यात मोरीतून हाक आली, “लिही गं वहीत, केळ्यासारखी!”